टायरच्या चपलेचा ब्रेक

मी सांगलीची. आमच्याकडे बाईमाणसानं सायकल चालवली तर कुणी मान वळवून बघत नाही, आणि सायकलला पुढं एक आणि मागं एक असे दोन ब्रेक असतात, याचंही कुणाला अप्रूप नसतं. परभणी जिल्ह्यात जाऊन आल्यापासून मात्र मी या दोन्ही गोष्टींकडं जरा आदरानं बघते.

गोष्ट एकोणनव्वद सालची, दिवाळीनंतरची. शाळेला सुटी होती. मी शाळेत शिवणकाम शिकवते. माझी थोरली नणंद, कुसुमवन्सं, राणीसावरगावच्या बाजूला सरकारी नर्स म्हणून वीस वर्षं काढून बसलेल्या. दरवर्षी पत्रात लिहायच्या, "शालू, एकदा ये, आमचा मुलूख बघ." गेले एकदाची. चार दिवस राहिले, जेवले, फिरले. त्यातला दुसरा दिवस सांगायचा आहे, कारण बाकीचे तीन दिवस त्याच्या पुढं काहीच नाहीत.

गंगाखेड, सकाळ

वन्सं मला घ्यायला गंगाखेडला आल्या होत्या आणि त्यांच्या ओळखीच्या एका घरी आम्ही मुक्काम केला होता. रात्री ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. भाकरी एवढी मोठी की ताटाच्या बाहेर आली. "एकच पुरे," म्हटलं तर घरची बाई हसली, "एक भाकर खाऊन माणूस जगतंय व्हय?" आणि दुसरी वाढलीच.

सकाळी सहाला वन्संनी मला हलवून उठवलं.

"शालू, ऊठ. घोळ झालाय. आज बंद हाय."

नामांतराचा वाद त्या वर्षांत तिकडं कधी धुमसायचा, कधी पेटायचा. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही यावरून गावंच्या गावं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. त्या दिवशी एस.टी. बंद, जीप बंद, दुकानं बंद. मी म्हटलं, बरं झालं, एक दिवस झोपू. वन्सं माझ्याकडं अशा बघायला लागल्या की मी गप्प उठून बसले.

मग त्यांनी सांगितलं. राणीसावरगावच्या अलीकडं एक फाटा फुटतो, आणि त्या फाट्यानं घाट उतरला की खाली एक वाडी. वाडीत एका पोराला गोवर निघालेला. वाडीतली बरीचशी घरं ऊसतोडीला जाणारी. दुपारी तीनला मुकादमाचा ट्रॅक्टर त्यांना घेऊन निघणार होता. आजारी पोर आजीपाशी मागं राहणार होतं, पण बाकीची सतरा लहान पोरं त्याच ट्रॉलीत बसून जाणार होती. एकदा गेली की सहा महिने कारखान्याच्या माळावर, पालात. तिथं गोवर पसरला तर त्यांना ना दवाखाना ना कुणी विचारणारं.

"दोन साल मागं असंच झालतं," वन्सं म्हणाल्या. "मला जायाला एक दिवस उशीर झाला. जाताना पोरं मोजली न्हाईत, येताना मोजली. यादीतली तीन कमी."

 

गंगाखेडच्या दवाखान्यातून लस मिळाली होती. हातात धरायचा निळा डबा, आत बर्फाच्या दोन लाद्या आणि मधे बाटल्या. बर्फ दुपारपर्यंत टिकेल, असं लस देणाऱ्यानं सांगितलं होतं. बर्फ गेला की लस गेली. डब्याच्या कडीला वन्संनी कडुलिंबाचा डहाळा बांधला.

"हे काय? दवाखान्याच्या डब्याला पाला?"

"असू दे. लागतो."

पंचवीस-तीस किलोमीटर जायचं होतं. वन्संची स्वतःची लेडीज सायकल साखळी बदलायला गंगाखेडला आणलेली होती. मला भाड्याची एक जेन्ट्स मिळाली; प्रवासात मी पंजाबी ड्रेसच घालते, म्हणून चाललं. बसायच्या आधी मी सवयीनं ब्रेक दाबायला गेले, तर हँडलला ब्रेकच नाही! पुढं नाही, मागं नाही, मडगार्डसुद्धा नाहीत.

"याचे ब्रेक कुठं गेले?"

"काढून ठेवलेत," सायकलवाला म्हणाला. "आपली काळी माती हाय ना बाई. पावसाळ्यात ब्रेकात चिखल बसतो, चाक जाम होतं. सगळेच काढतेत."

"मग थांबायचं कसं?"

त्यानं पाय उचलून चप्पल पुढच्या टायरवर घासून दाखवली. एवढी साधी गोष्ट मला कळत नाही याचं त्याला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं. मी रागानं वन्संच्या सायकलकडं वळले. पुढचा ब्रेक होता, वायरचा, ठीकठाक. मागचा नव्हता.

"वन्सं! तुम्ही पण?"

"चिखल अडकतो गं," त्या मान खाली घालून म्हणाल्या. "एक हाय ना पुढचा. बास झाला."

वीस वर्षांत माणूस कुठलं होऊन जातं बघा. साडेआठ वाजले होते. निघालो.

रस्त्यावरचे दगड

रस्ता मोकळा होता. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी, मधे मधे कापूस फुटलेला. एरवी मी उतरून बघत बसले असते. बाया कापूस वेचताना थांबून आमच्याकडं बघायच्या, एक तर ओरडली, "कुठं निघालाव गं दोघीच्या दोघी?" वन्संनी नुसता डबा दाखवला.

तासाभरानं एका वळणावर रस्त्यात दगड मांडलेले दिसले. आठ-दहा तरुण पोरं, कपाळाला फडकी बांधलेली.  सायकलला ब्रेक नाही, म्हणून मी आधीच उडी मारून उतरले.

"कुठलं गाव?" एकानं विचारलं.

"राणीसावरगाव."

"आडनाव काय?"

एवढा साधा प्रश्न. सांगलीत कुणी विचारला तर आपण उत्तर देऊन विसरतो. तिथं त्या उत्तरावर आमचं पुढं जाणं न जाणं अवलंबून होतं, आणि ती कुठल्या बाजूची पोरं आहेत हेसुद्धा मला कळत नव्हतं.  वन्सं मात्र त्याच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"नर्सबाई. हेच माझं आडनाव. डब्यात गोवराची लस हाय, बर्फ वितळायलाय. उघडून बघायची असंल तर बघ, पण मग वाडीतल्या पोरांच्या आयांना तूच येऊन सांग."

त्यानं डब्याकडं हात नेला आणि मागं घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "सोड की. माझ्या बहिणीचं बाळंतपण ह्याच बाईनं केलंय." तो बाजूला झाला. दगड मात्र कुणी हलवले नाहीत.

आता इथं शहाण्या माणसानं सायकल उचलून नेली असती. पण वन्संचा धीर तेवढ्यापुरताच होता. त्यांना लवकरात लवकर तिथून निघायचं होतं. त्या सायकलवर बसल्या, दोन दगडांमधून काढायला गेल्या आणि पुढचं चाक फटीत अडकून सगळं वजन त्याच्यावर आडवं आलं. कडाकड आरे तुटले. वन्सं पडल्या. डबा मात्र त्यांनी छातीशी धरला होता, तो जमिनीला लागू दिला नाही.

चाकाचा पार आठचा आकडा झाला होता.

फाट्यावरचं दुकान

तासभर चालत, मोडकी सायकल मागच्या चाकावर ओढत आम्ही फाट्यावर पोचलो. तिथं एक सायकलचं दुकान होतं. फळ्या लावलेल्या. शेजारच्या दारात एक पन्नाशीची बाई पान लावत बसली होती. तिचं नाव हमीदाबी, हे नंतर कळलं.

"आदमी घर पे नै," ती म्हणाली. "भाड्याच्या सायकली लेके लोगां गये, बसा बंद ना आज. वो भी उनकेच पिच्छे गया, पैडल टूटा बोलके."

मी डोक्याला हात लावला. वन्संनी घाम पुसत डबा सावलीत ठेवला, झाकण न उघडता नुसता कानाशी धरून हलवला. आत पाणी वाजलं. अकरा वाजले होते.

"चाक हवंय," मी म्हटलं. "पुढचं. कुठलंही."

हमीदाबी उठली, आमच्या सायकलभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "कुठलंही नै चलता, बाई."

माझ्या भाड्याच्या सायकलचं चाक अठ्ठावीसचं, ते वन्संच्या सायकलच्या पुढच्या चिमट्यात, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांत, शिरेना. वन्संनी दांड्याच्या सायकलवर बसायचं म्हटलं तर साडी, आणि घाट, आणि ब्रेक नाही. दुकानात खोलून ठेवलेली एक बुटकी सायकल होती, सव्वीसच्या चाकाची. हमीदाबीनं फळी काढली, पान्यानं ते चाक सोडवलं आणि वन्संच्या चिमट्यात घातलं. बसलं! मी नट आवळले, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

"चला, वन्सं! झालं काम."

"ठैरो," हमीदाबी म्हणाली. "किधर जाना?"

"घाट उतरून वाडीला."

"इस ब्रेक पे? घाट?"

मला राग आला. बाई चांगली असेल, पण मेकॅनिक तिचा नवरा. माझ्या डोळ्यांसमोर मी चाक थांबताना बघितलं होतं. "थांबतंय की चाक! अजून काय पाहिजे?"

तिनं वाद घातला नाही. पानाच्या डब्यातून बोटावर चुना घेतला, ब्रेकच्या दोन्ही रबरांना लावला, चाक फिरवलं आणि ब्रेक दाबला. मग मला खाली बसवलं आणि बोटानं दाखवलं. चुन्याची पांढरी रेघ रिमवर नव्हतीच. ती टायरवर उमटली होती.

"देखा? ये रबर टायर को पकडरा, रिम को नै. घाट में आधे रस्ते टायर कटेंगा, फटेंगा. फिर दोनो खाई में."

 पाच मिनिटं आधी मी निघालेच होते ना!

मग तिनं समजावून सांगितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सायकलच्या चाकाकडं नीट बघितलं. वन्संच्या मूळ चाकाच्या रिमला दोन्ही बाजूंनी सपाट गाल होते. वायरचा ब्रेक त्या गालांना बाजूनं चिमटीत धरतो. दुकानातलं चाक सळईच्या ब्रेकच्या सायकलचं. तो ब्रेक खालून वर येऊन रिमच्या आतल्या अंगाला लागतो, म्हणून त्या रिमला गालच नाहीत, बाजू गोल. वर दोन्ही चाकं सव्वीसची म्हणायला, पण ह्या चाकाची रिम थोडी लहान आणि टायर जाड. त्यामुळं रबर जिथं टेकायचं तिथं रिमऐवजी टायर आलेला.

"मग रबर खाली सरकवा," मी म्हटलं.

तिनं सरकवलं, खाचेत जाईल तेवढं. पुन्हा चुना. आता रेघ अर्धी रिमवर, अर्धी टायरवर.

"अजून?"

"खाच खतम."

वन्सं डबा मांडीवर घेऊन, पदर ओला करून त्याच्यावर टाकत बसल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "मी चालत जाते. तू मागनं ये."

"चालत किती वाजता पोचाल? पाचला! ट्रॅक्टर तीनला निघतोय."

"मग काय करू सांग की!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मी दचकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. वीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

हमीदाबीनं विचारलं, डब्यात काय आहे. मी सांगितलं. गोवर, सतरा पोरं, ऊसतोड.  मग तिनं पायातली चप्पल काढली.

तिकडं गाडीच्या जुन्या टायरच्या चपला वापरतात. जाड, जड, वर्षानुवर्षं झिजत नाहीत. तिनं चप्पल उलटी करून टाचेवर नख मारलं. "ये रबर सख्त है. तिरछा काटा तो नीचे तक जाएंगा, गोल रिम पे बैठेंगा. मगर कैसा काटना, नाप नै."

नाप! म्हणजे बेतायचंच काम ना? मी वीस वर्षं दुसरं काय करते? पिशवीतला वर्तमानपत्राचा कागद काढला, रिमच्या बाजूला दाबून तिचा गोलावा कागदावर घेतला, ब्रेकच्या लोखंडी खोबणीची लांबी बोटानं मोजली आणि झंपरची कटोरी बेतावी तसा एक तुकडा कातरला. वर अरुंद, खाली आत वळलेला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा बसला. हमीदाबीनं कागद टाचेवर ठेवला आणि चामडं कापायच्या रापीनं रबर कापायला घेतलं. रबर दगडासारखं. तिच्या मनगटाच्या शिरा फुगल्या. एक तुकडा झाला, मग दुसऱ्या चपलेच्या टाचेतून दुसरा. जुने रबर काढून खोबणीत हे ठोकून बसवले. चुना लावला. चाक फिरवलं. ब्रेक दाबला.

मी खाली वाकून बघितलं. पांढरी रेघ सबंध रिमवर होती.

"बैठो," ती मला म्हणाली. "और नर्सबाई को पिच्छे बिठाओ. पहले इधर के उतार पे देखना."

दुकानामागच्या छोट्या उतारावर वन्संना कॅरियरवर बसवून मी एकदा उतरून बघितलं. थांबली. आवाज असा भयानक की कुत्री भुंकायला लागली, पण थांबली. वन्संनी पैशाचा विषय काढला तेव्हा हमीदाबी दाराकडं चालायला लागली होती, बिनटाचेच्या चपलांनी, मागं झुकून. "पहले सुई लगाओ बच्चों को," एवढंच म्हणाली.

दीड वाजला होता. भाड्याची सायकल तिथंच ठेवली.

घाट

मधला रस्ता चढाचा होता. मी पायडल मारत होते, वन्सं चढावर उतरायच्या, सपाटीवर बसायच्या. डब्याला सारखा कान लावायच्या. पावणेतीनला घाटाच्या तोंडाशी आलो.

घाट काही फार मोठा नाही. सातारा-महाबळेश्वरकडचे घाट बघितलेल्या माणसाला हसू येईल. पण कच्चा रस्ता, मुरूम, एका बाजूला खडकाचा कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल ओढा. खाली वाडीची घरं दिसत होती. मी श्वास घेतला आणि सायकल सोडली.

पहिलं वळण नीट गेलं. ब्रेक किंचाळत होता, रबराचा वास नाकात जात होता, बोटं दुखत होती. "हळू गं, हळू," वन्सं मागून म्हणत होत्या. दुसऱ्या वळणाच्या आधी त्यांनी एकदम माझा खांदा आवळला.

"शालू! ट्रॅक्टर!"

खालून धूर दिसला, मग आवाज आला. वेळेआधीच निघाला होता! ट्रॉली बोचक्यांनी, भांड्यांनी, शेळ्यांनी आणि माणसांनी गच्च भरलेली, रस्त्याच्या बरोबर मधून वर चढत येत होती. आम्ही वळणावरून बाहेर पडलो तेव्हा मधे पंधरा-वीस पावलं उरली असतील. ट्रॅक्टरवाल्यानं भोंगा वाजवला. चढावर तो थांबला तर ट्रॉली मागं जायची भीती, म्हणून तो थांबेना. डावीकडं ओढा, उजवीकडं कडा. मी हाताची सगळी बोटं त्या एका ब्रेकवर गुंडाळली आणि जीव खाऊन दाबलं.

खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला ना देव आठवला ना नवरा. आठवली ती कागदावर कातरलेली कटोरी. चुकीची कातरली असेल तर?

चाक मुरमावर घसरलं, सरकलं, आणि थांबलं. ट्रॅक्टरचं तोंड माझ्यापासून हातभर लांब होतं. तोही थांबला. ट्रॉलीतून दोन गडी उड्या मारून चाकांमागं दगड लावायला धावले.

"मरायचंय का, ए बाई!" मुकादम खाली उतरत ओरडला. मी त्याला उत्तर देणार होते, माझ्याकडं उत्तरं भरपूर होती, पण मी तिथंच रस्त्यात बसले. वन्संनी डबा उघडला. लाद्यांचं पाणी झालं होतं, पण मधे सुपारीएवढे तुकडे अजून तरंगत होते. त्यांनी बाटली गालाला लावून बघितली.

"गार हाय," त्या म्हणाल्या. "पोरं खाली उतरवा."

"बाई, येळ न्हाई. मुक्कामाला पोचायचंय."

"ह्या घाटातनं माझ्या अंगावरनं जायचं असंल तर जा. मी हिथंच उभी हाय."

मुकादमानं दुसरीकडं तोंड केलं. पण पहिली आईच तयार होईना. तिनं पोराला पदराखाली लपवलं. "आमच्या वाडीत आई आलीया. तिच्या दिसात सुई टोचली तर कोपंल."

गोवर म्हणजे देवी घरात आली, असं तिकडं मानतात, आणि कडुलिंब तिचाच पाला. मला वाटलं, आता वन्सं ओरडणार. त्यांनी डब्याच्या कडीचा कडुलिंबाचा डहाळा सोडला, पोराच्या डोक्यावरून तीनदा उतरवला, त्या बाईच्या कपाळाला लावला. "आईचा कोप माझ्यावर. तिला मी सांगते. तू निसता हात धर." त्या बाईनं पोराचा दंड पुढं केला. मग सकाळी पाल्यावरून बोलल्याची मला लाज वाटली.

सतरा पोरं. घाटातल्या वळणावर, ट्रॉलीच्या सावलीत. मी पोरांना धरत होते, वन्सं टोचत होत्या, आणि घाटभर रडारड चालली होती. शेवटच्या पोराला टोचून झालं तेव्हा डब्यात नुसतं पाणी होतं.

ट्रॅक्टर सुरू झाल्यावर मुकादम म्हणाला, "बाई, तुमची सायकल थांबली नसती तर?"

"थांबली ना," वन्सं म्हणाल्या, आणि मग मला धरून हमसून हमसून रडल्या. मीही रडले. लाज कसली त्यात?

परत

दुसऱ्या दिवशी चाक द्यायला हमीदाबीकडं गेलो. तिचा नवरा दुकानात होता. त्यानं ब्रेक बघून कपाळावर आठी घातली, "ये क्या कर डाला?" असं बायकोला विचारलं.  तिनं रबराचे तुकडे बोटांनी चाचपले. निम्मे झिजले होते.

"सबको लगी?"

"सगळ्यांना. सतरा."

"अच्छा," ती म्हणाली आणि आम्हाला चहा केला. वन्संनी राणीसावरगावहून आणलेल्या नव्या चपला दारात ठेवल्या. तिनं नको म्हटलं, मग घातल्या, आणि अंगणात दोन पावलं सरळ चालून बघितलं. मी हसले, तीही हसली.

सांगलीला आल्यावर मी ही हकिकत खूप जणांना सांगितली. चैत्रात वन्संचं पत्र आलं. इकडच्या तिकडच्या खुशालीनंतर शेवटी चार ओळी होत्या. 'ट्रॅक्टर काल परत आला. मला आदल्या दिशीच कळालं होतं. घाटात त्याच वळणावर जाऊन उभी राह्यले, पोरं एक एक करून मोजली. सतरा गेलती. सतरा आली.'